साठ आणि वरचे चार

दुभाष्याचं काम मी आयुष्यात एकदाच केलं, पांढुर्ण्यात, संत्र्याच्या शेडमध्ये. त्या कामात मी एकूण दोन वाक्यं गिळली. दोन्ही माझ्या मायची होती. पहिल्या वाक्यापायी नाल्यातल्या मासोळ्या आणखी महिनाभर मरत राहिल्या आणि दुसऱ्यापायी परदेशात जायला निघालेली दोनशे पेट्या संत्री मुंबईच्या बंदरात अडकली. बी.ए. दुसऱ्या श्रेणीत पास झालेल्या मुलीच्या मानाने ही कामगिरी काही कमी नव्हे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. स्टेशनच्या मागे शेठजींची टिनाची मोठी शेड होती. हिवाळ्यात आंबिया बहाराची तोड सुरू झाली की आजूबाजूच्या संत्र्यांच्या वाड्यांमधून गाड्या भरभरून संत्री तिथे येऊन पडत. बारा बाया गोणपाटावर रांगेत बसून ती निवडायच्या, लहानमोठी वेगळी करायच्या आणि तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालून लाकडी पेट्यांत भरायच्या. पेट्या मग रेल्वेने दिल्लीला नाही तर कलकत्त्याला जात. रांगेतली पहिली जागा दाराजवळ होती. सकाळचं ऊन तिथे थेट हातावर पडायचं. ती जागा माझ्या मायची, बावीस वर्षांपासून. कुणी चुकून तिथे बसलंच तर माय भांडत नसे. ती नुसती समोर उभी राहायची आणि बसलेली बाई थोड्या वेळाने आपणच उठून दुसरीकडे जायची.

मायचा हात हा शेडमधला सगळ्यात महागाचा माल होता, फक्त त्याचा भाव तिला कुणी देत नव्हतं. संत्रं तळहातावर घ्यायची, अंगठ्याने देठाशी हलकंच दाबायची आणि सांगायची, हे दिल्ली पाहील, हे इटारसीलाच सडेल. मी शाळेत असताना तिची खोड मोडायची म्हणून तिने 'नऊ दिवस' म्हटलेलं एक संत्रं खाटेखाली लपवून ठेवलं होतं. ते बरोबर नवव्या दिवशी सडलं. मला इतका राग आला की मी ते उचलून अंगणात भिरकावलं. निदान आठव्या दिवशी तरी सडायचं होतं मेल्याने.

तर त्या वर्षी शेठजींच्या डोक्यात परदेश शिरला. आखातातल्या कुणा व्यापाऱ्याने नमुन्यादाखल दोनशे पेट्या मागवल्या होत्या. माल पसंत पडला असता तर पुढे दर बहाराला जहाज भरून संत्री जाणार होती. शेठजी तेव्हापासून गादीवर बसल्या बसल्या समुद्राकडे बघितल्यासारखं रेल्वेच्या रुळांकडे बघायचे. निर्यातीचं बघणाऱ्या खात्याने मात्र एक अट घातली होती. माल भरणाऱ्या मजुरांना आधी प्रशिक्षण द्यायचं, त्यांची परीक्षा घ्यायची आणि पास होतील त्यांनाच सर्टिफिकेट द्यायचं. त्यासाठी एक साहेब तीन दिवस येणार होते.

शेठजींनी बायांना उभं करून सांगितलं, "देखो बाई, ज्या बाईले सर्टिफिकेट भेटन, ते शेडमंदी राहीन. बाकीच्यायनं घरी आराम करा. पुढच्या बहारात मी मशीनच आणून राहिलो."

माय घरी येऊन चुलीपुढे बसली आणि काड्या मोडून चुलीत सारत राहिली. मग म्हणाली, "बावीस वर्सानं परीक्षा! कोनाची घेऊन राहिले, माही का संत्र्याची?"

मी हसले. ती हसली नाही. मायला शाळा माहीत नव्हती. विहारात संध्याकाळी बायांचा वर्ग भरायचा, तिथे ती सही करायला शिकली होती. तेवढी एक सही तिला येत होती, आणि ती करताना ती जीभ दातात धरायची. परीक्षेपायी दाराजवळची ती उन्हाची जागा जाईल या विचाराने तिला जेवण जाईना. बाप तिगावकडे रेल्वेच्या गँगमध्ये होता. त्याच्या पगारात घर चाललं असतं. पण माय त्या जागेशिवाय कशी चालली असती, ते आम्हा दोघांनाही सुचेना.

साहेब आले ते पार दक्षिणेकडचे. सडपातळ, चष्मा, आणि शर्टाच्या खिशात चार रंगांची चार पेनं. त्यांना त्यांची भाषा यायची आणि इंग्रजी यायचं. हिंदीही यायची, पण त्यांची हिंदी आणि आमच्या बायांची हिंदी एकमेकींना ओळख दाखवायला तयार नव्हत्या. पहिल्या तासातच शेठजींच्या लक्षात आलं की दुभाष्या लागणार. बाहेरचा आणला तर त्याला नागपूरहून आणायचं, त्याचं खाणंपिणं करायचं. मग त्यांना आठवलं की आपल्याच शेडमधल्या एका बाईची मुलगी बी.ए. होऊन घरी बसली आहे.

साहेबांनी मला पहिलाच प्रश्न विचारला की, या बायांपैकी कुणी तुमच्या नात्यात नाही ना? दुभाष्या तटस्थ हवा. मी रांगेकडे बघितलं. पहिल्या जागेवर माय बसली होती, पदराने नाक पुसत. मी म्हटलं, "नाही सर. चेहऱ्याने ओळखते."

का म्हटलं? नोकरी हवी होती, हे एक. दुसरं असं की साहेबांसमोर, इंग्रजी बोलताना, गोणपाटावर तणसात बसलेली ती बाई माझी आई आहे असं सांगायला माझी जीभ रेटेना. मला लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते, पण तेव्हा वाटली हे खरं. शेठजी ऐकत होते. नागपूरचा खर्च वाचत असल्याने तेही गप्प बसले. बायांना इंग्रजी कळलं नाही, पण मी काय केलं ते बरोबर कळलं, आणि पुढचे तीन दिवस त्या मला मोठ्या अदबीने "मॅडमजी" म्हणत राहिल्या. माय सर्वांत जास्त.

"मॅडमजी, साहेबाले इचारा, पानी पेवाले जाऊ का?"

प्रशिक्षणाचा मुख्य देव म्हणजे एक फळी होती. तिला लहानापासून मोठ्यापर्यंत पाच गोल भोकं पाडलेली. संत्रं ज्या भोकातून जाईल तो त्याचा नंबर. आता आमचं संत्रं काही चेंडू नव्हे. वर त्याला मान असते, खाली ते बसकं असतं, आणि एका भोकातून ते आडवं जात नाही पण उभं जातं. फळी रांगेतून फिरली तेव्हा तिसऱ्या जागेवरची बाई म्हणाली, "मॅडमजी, साहेबाले इचारा, मानेकडून घालू का बुडाकडून?"

अख्खी रांग पदरात तोंड घालून हलायला लागली. मी साहेबांना सांगितलं की, या फळाची दिशा कोणती धरायची असं विचारत आहेत. साहेब फार खूश झाले. असा मूलभूत प्रश्न कुठल्याच केंद्रात कुणी विचारला नव्हता म्हणे. त्यांनी तो हिरव्या पेनाने वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी हौद आला. म्हणजे शेडच्या मागे विटांचा हौद बांधून घेतला होता, त्यात साहेबांनी पाकिटातली पांढरी पूड ओतली, पाणी दुधाळ झालं, आणि संत्री त्यात बुडवून काढायची असं ठरलं. त्याने बुरशी येत नाही. मग ती वाळवायची आणि मेणाच्या पाण्याचा हात द्यायचा, म्हणजे चकाकतात. चकाकली खरी. माय एक चकाकतं संत्रं नाकाशी धरून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "वास कोठी गेला याचा?"

संध्याकाळी हौदाचं बूच काढलं की ते पाणी नालीतून मागच्या नाल्यात जायचं. नाला पुढे जाम नदीला मिळतो आणि नदीपलीकडे सावरगाव. तिथल्या बाया त्याच पाण्यावर कपडे धुतात, म्हशी तिथेच बसतात. तिसऱ्या दिवशी सकाळीच नाल्याच्या डोहात बोटभर लांबीच्या मासोळ्या पोट वर करून तरंगताना मायने पाहिल्या. ती मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. मी म्हटलं, थंडीने मेल्या असतील. ती म्हणाली, "थंडी काय आजच जन्मली?" मग जराशाने म्हणाली, "सावरगाववाल्यायले समजलं का हे आपल्या शेडचं पानी हाय, तं दगड माराले पोळ्याची वाट नाही पाहाचे." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ती आमच्याकडची गोटमार.

त्याच दिवशी परीक्षा. तोंडी. एकेका बाईने स्टुलावर बसायचं, साहेब इंग्रजीत विचारणार, मी मराठीत सांगणार, बाई उत्तर देणार, मी ते इंग्रजीत साहेबांना देणार. पहिला नंबर अर्थातच पहिल्या जागेचा. माय स्टुलावर बसली. उंच जागेवर बसायची सवय नसल्याने तिचे पाय हवेत राहिले होते. ती घाबरली होती. तिला घाबरलेलं मी फारसं कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिल्याबरोबर मी ठरवलं की हिला पास करायचं, काय वाट्टेल ते झालं तरी.

साहेबांची उत्तरं त्यांच्या सायक्लोस्टाइल पुस्तिकेत होती. दुभाषी म्हणून मला मिळालेली ती पुस्तिका मी आदल्या रात्रीतून पाठ केली होती. परीक्षा मायची, अभ्यास माझा, अशी वाटणी होती.

पहिला प्रश्न, फळाची प्रत कशावरून ठरवायची?

"हाताले समजते," माय म्हणाली.

मी साहेबांना सांगितलं, "व्यासावरून, सर." साहेबांनी बरोबरची खूण केली.

दुसरा प्रश्न, कोणतं फळ बाजूला काढायचं?

"जे हातात घेतलं का मुकं राह्यते ते. चांगलं फळ दाबलं का बोलते. पोकळ असलं का नाही बोलत."

"डागी, रोगट, अतिपक्व आणि सालीपासून सुटलेलं फळ, सर." बरोबरची खूण. शब्द माझे होते, पण अर्थाच्या बाबतीत मी अजून फारशी लबाडी केली नव्हती, असं मी मनाला सांगत होते.

तिसरा प्रश्न, दिवसाअखेर हौदातल्या पाण्याचं काय करायचं?

माय स्टुलावर सरसावून बसली. "नाल्यात नाही सोडाचं म्हना. मासोळ्या मरून राहिल्या, उद्या म्हशी मरतीन. दूर खड्डा कराचा अन त्यात टाकाचं. अन साहेबाले सांग, नाल्यातच सोडाचं असंन तं पयले एक गिलास तुमी पिऊन दाखवा."

साहेब माझ्याकडे बघत होते. उत्तर लांबलचक झालेलं त्यांना दिसत होतं. पुस्तिकेत उत्तर एका ओळीचं होतं. मी म्हटलं, "नालीत सोडायचं, सर." ते म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "ती जरा पाल्हाळ लावते." बरोबरची खूण झाली.

चौथा प्रश्न शेवटचा. या मापाच्या पेटीत किती फळं भरायची?

इथे माय पहिल्यांदाच हसली, कारण हे तिला झोपेतही आलं असतं. "साठ," ती म्हणाली. "अन वरचे चार."

वरचे चार म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे संत्री मोजून विकायची पद्धत आणि मोजणीवर काही फळं वरची टाकायची रीत. त्याचे पैसे नाहीत, त्याची नोंद नाही. वाटेत चार सडणारच, तेव्हा घेणाऱ्याच्या हातात साठ पडले पाहिजेत, एवढाच त्यातला हिशेब. मायच्या लेखी साठ म्हणजे पोचलेले साठ. निघाले किती, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. नेमके साठ भरणारी बाई शेडमध्ये चिंधी समजली जायची.

हे सगळं मला माहीत होतं. पण पुस्तिकेत साठ होतं. मी म्हटलं, "साठ, सर."

चारपैकी चार. साहेबांनी उठून मायला नमस्कार केला. म्हणाले, इतकी स्पष्ट उत्तरं देणारी कामगार मी पाहिली नाही. आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की परदेशी पेट्यांवर मोजणीची सही हीच बाई करेल. दर पेटीवर एक चिठ्ठी, त्यावर छापलेलं, 'फळांची संख्या साठ, मोजणी तपासली,' आणि खाली तिची सही.

पुढचे चार दिवस माय सह्या करत होती. दोनशे पेट्या, दोनशे सह्या, प्रत्येक वेळी जीभ दातात. शेवटच्या दिवशी तिचा अंगठा आणि बोट शाईने निळं झालं होतं आणि ती ते धूत नव्हती. मला म्हणाली, "पोरी, माह्यी सही समुद्रावरून जाऊन राहिली." परीक्षेत पास झाल्यापेक्षा तिला त्याचा आनंद जास्त होता. मी पण खूश होते. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

महिन्याभराने मुंबईहून तार आली. बंदरावर पेट्या उघडून मोजल्या होत्या. कागदावर साठ, पेटीत चौसष्ट. प्रत्येक पेटीत. एकाही पेटीत साठ नव्हते, ही तर आमच्या बायांच्या शिस्तीची कमाल होती. तिथल्या अधिकाऱ्यांना वाटलं, शेठजी कागदावर कमी दाखवून जास्त माल बाहेर पाठवत आहेत. खुलासे होईपर्यंत जहाज निघून गेलं. संत्री तिथेच मिळेल त्या भावाने विकली गेली.

जगात मापात मारणारे पुष्कळ. जास्त दिल्याबद्दल पकडलेले आमचेच बहुधा पहिले. पण शेडमध्ये त्या दिवशी कुणाला हसू येत नव्हतं. शेठजी चिठ्ठ्यांची चवड गादीवर आपटून ओरडत होते, "खोटी सही! दोनशे खोट्या सह्या! साठ लिहिते अन चौसठ भरते!"

माय दारात उभी होती. तिला बाकी काही ऐकू आलं नाही. घरी येईपर्यंत ती वाटभर एकच म्हणत होती, "खोटी कायची व माय? माह्या हातची हाय. खोटी कायची?" शाई केव्हाच गेली होती, तरी ती बोट पदराला घासत होती.

आठवड्याने साहेब चौकशीला आले. मधे फळी होती तिथे आता टेबल मांडलं होतं. एका बाजूला साहेब आणि शेठजी, दुसऱ्या बाजूला माय, मागे अकरा बाया आणि मधे मी, पुन्हा दुभाषी. शेठजींनी आधीच जाहीर केलं होतं की ही बाई आजपासून बंद, सर्टिफिकेट बंद, आणि दाराजवळ दुसरी बसेल. दाराजवळची जागा त्या दिवशी रिकामीच होती. तिथे बसायला मात्र कुणी धजावलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही साठ म्हणून सही केली. मग चौसष्ट का भरले?"

मी ते मायला मराठीत सांगितलं. ती साहेबांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मी तं परीक्षेतच सांगतलं होतं," ती म्हणाली. "साठ अन वरचे चार. तुह्या तोंडासमोर सांगतलं." आणि मग थांबून, "साहेबाले नाही पोचलं का?"

मला पळून जावंसं वाटलं. इथेही एखादं वाक्य जुळवता आलं असतं. 'ती म्हणते चूक झाली, सर.' सगळं तयार होतं जिभेवर. पण मायने बोट पदराला घासायला सुरुवात केली, आणि माझ्याच्याने ते बघवेना.

मी साहेबांना सांगितलं की तिने परीक्षेत साठ अन वरचे चार असंच उत्तर दिलं होतं, ते मी गिळलं. वरचे चार म्हणजे काय तेही सांगितलं. आणि मग एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून सगळंच सांगितलं. हाताला समजतं ते सांगितलं, मुकं फळ सांगितलं, मासोळ्या सांगितल्या, खड्डा सांगितला. एक गिलास पाणी तुम्ही पिऊन दाखवा, हेही जसंच्या तसं सांगितलं. मानेकडून की बुडाकडून, हेसुद्धा राहू दिलं नाही. शेवटी म्हटलं, "आणि सर, ही माझी आई आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "वो हमको पहिले दिन से मालूम."

त्यांनी सांगितलं की रोज दुपारी माझ्या डब्याचं घट्ट झाकण ही बाई काही न बोलता उघडून द्यायची आणि मी काही न बोलता घ्यायचे. चेहऱ्याने ओळखणारे लोक असं करत नाहीत. त्यांना वाटलं होतं, मुलगी आईला थोडं सावरून घेत असेल. ती बरोबर उत्तरं गिळत असेल असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मग त्यांनी वही काढली, मायच्या पानावरच्या चारही खुणा पाहिल्या आणि लाल पेनाने तिसरी आणि चौथी खूण खोडली. बाजूला काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता आलं, 'चूक दुभाष्याची आणि पुस्तिकेची.' शेठजींना ते म्हणाले, सही खोटी नाही, सही करणारीला साठचा अर्थ विचारायचा राहून गेला. तो 'खोटी नाही' हा तुकडा मी मायला ताबडतोब मराठीत सांगितला. तिने बोट घासणं थांबवलं.

दुभाष्याचं माझं काम गेलं, मायची जागा राहिली, आणि यात कुणालाच अन्याय दिसला नाही, मलाही नाही. हौदासाठी खड्डा करायचं साहेबांनी लेखी सांगितलं. शेठजी हो म्हणाले आणि साहेबांची गाडी सुटल्यावर विसरले. मग बायांनी दोन-चार दिवस संध्याकाळी बूच न काढता बादल्यांनी हौद उपसला आणि ते पाणी शेठजींच्या गादीमागच्या मोगऱ्याला घातलं. शेठजींचा त्या मोगऱ्यावर फार जीव. पानं पिवळी पडली, मग गळली, मग नुसत्या काड्या उरल्या. शेठजींनी कारण विचारलं तेव्हा माय म्हणाली, "थंडीनं मेला असंन जी." दुसऱ्याच दिवशी दूर पडीक जागेत हा भला मोठा खड्डा खणला गेला. नाल्यात मासोळ्या परत दिसायला मात्र पुढचा पावसाळा लागला.

शेठजींनी पुढच्या बहारात पुन्हा हिंमत केली. या वेळी पेटीत नेमके साठ. माय साठावर हात थांबवायची तेव्हा तिचा चेहरा चोरी केल्यासारखा व्हायचा. आखातातून व्यापाऱ्याचं पत्र आलं ते वाचायला शेठजींनी मलाच बोलावलं. लिहिलं होतं, माल बरा आहे, परंतु पेटीत वापरण्याजोगी फळं छप्पन निघतात, कागदावर साठ आहेत, हे कसं? मी ते मोठ्याने वाचलं. दाराजवळून माय म्हणाली, "मंग मी काय म्हनून राहिली होती?" शेठजींनी पत्राची घडी करून ते गादीखाली सारलं. परदेश त्यांनी सोडून दिला, आणि मशीनही काही आलं नाही.

मायचं सर्टिफिकेट मात्र टपालाने आलं. जाड कागद, कडेला सोनेरी रेघ, सगळं इंग्रजीत. तिने हात धुतले, पदराला कोरडे केले, कागद दोन बोटांत धरला आणि मला देऊन म्हणाली, "वाच."

मी वाचलं. तिचं नाव, बापाचं नाव, मुक्काम पांढुर्णा. फळांची प्रतवारी, हाताळणी आणि मोजणी या कामात कुशल. तीन दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण. मी खालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं, काही राहू नये म्हणून.

माय ऐकत होती. "तीन दिवस?" ती म्हणाली. "अन बावीस वर्स?"

"ते नाही लिहिलं, माय."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला आणि तिला न येणाऱ्या त्या अक्षरांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. मग माझ्याकडे बघितलं.

"लिहिलं नाही," ती म्हणाली, "का तूच खाल्लं?"